देवघेवीच्या टेबलामागचा अर्धा तास

ग्रंथालयात येणारा वाचक आता केवळ पुस्तक बदलायला येत नाही. नोव्हेंबर लागला की सकाळी वर्तमानपत्रे चाळायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना हयातीचा दाखला मोबाइलवरून कसा द्यायचा हे विचारायचे असते. अभ्यासिकेतल्या मुलामुलींना स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना फोटोचा आकार ५० केबीच्या आत आणायचा असतो. एखाद्या शाळकरी मुलाच्या आईला प्रकल्पासाठी गोदावरीच्या पुरांची माहिती हवी असते, तीही ‘नेटवर, पण मराठीतून’. हे सारे प्रश्न देवघेवीच्या टेबलावरच येऊन पडतात, कारण संदर्भसेवेसाठी वेगळा माणूस नेमण्याची ऐपत असलेली सार्वजनिक ग्रंथालये आपल्याकडे मोजकीच आहेत. त्या टेबलामागे बसणाऱ्या व्यक्तीने या सर्वांची उत्तरे द्यावीत अशी आपली अपेक्षा असते. मात्र ती उत्तरे शोधायला शिकण्यासाठी तिच्या कामाच्या दिवसातला थोडासा वेळ आपण क्वचितच राखून ठेवतो.

मी नाशिकमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्या सहकाऱ्यांना वेबवरची नवी साधने स्वतःच्या गतीने शिकता यावीत यासाठी आम्ही कामाच्या वेळेतला अर्धा तास राखून एक उपक्रम चालवतो आणि जिल्ह्यातले इतर ग्रंथपाल त्याबद्दल अधूनमधून चौकशी करतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. तंत्रज्ञान शिकण्याच्या बाबतीत आपल्या कर्मचाऱ्यांची कुवत कमी पडत नाही, वेळ आणि मुभा कमी पडते, आणि या दोन्ही गोष्टी देणे संस्थेच्या हातात आहे.

नाशिकला ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेने इथून निघालेल्या ग्रंथपेट्या दूरदूरच्या गावांत आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचवल्या आहेत. या परंपरेचा अभिमान आपण जाहीरपणे बाळगतो. परंतु तिचा रोजचा भार ज्यांच्या खांद्यावर आहे त्या कर्मचाऱ्यांची परिस्थिती फारशी चर्चेत येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ सालचा आहे. त्या चौकटीत ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गानुसार परिरक्षण अनुदान मिळते. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात बहुधा एकच व्यक्ती कुलूप उघडते, झाडलोट करते, दाखल नोंदवही लिहिते, देवघेव पाहते आणि वर्गणीच्या पावत्या फाडते. सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास अशी कामाची वाटणी, मानधन तुटपुंजे, मधल्या वेळेत घर किंवा दुसरे एखादे काम. अशा व्यक्तीला ‘तुम्ही जरा नवीन शिकून घ्या’ असे सांगणे सोपे असते, पण ते शिकणे कोणत्या तासात बसवायचे याचे उत्तर सांगणाऱ्याकडे नसते.

यावर सर्वत्र केला जाणारा उपाय म्हणजे एक दिवसाची कार्यशाळा. मी अशा अनेक कार्यशाळांना गेले आहे आणि काहींच्या आयोजनातही होते. त्यांतले वक्ते जाणकार आणि कळकळीचे होते, याबद्दल मला शंका नाही. अडचण त्या रचनेतच आहे. पडद्यावर एक माणूस भराभर क्लिक करतो, पन्नासेक जण पाहतात, आणि ज्यांना दुसऱ्याच पायरीवर प्रश्न पडलेला असतो ते चारचौघांत हात वर करत नाहीत. खरा प्रश्न पडतो तो आठवडाभराने, आपल्या ग्रंथालयातल्या जुन्या संगणकासमोर, जिथे पडद्यावर दिसलेले बटण वेगळ्याच जागी असते. तेव्हा विचारायला कोणी नसते, आणि प्रमाणपत्र मात्र फाइलला लागलेले असते. कार्यशाळेने एखाद्या विषयाची ओळख होते, हे मी मान्य करते. हात बसायला सराव लागतो, आणि तो सराव एका दिवसात कोंबता येत नाही.

या प्रश्नावर ग्रंथालय क्षेत्रातले जे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून आले. शार्लट आणि मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी २००६ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २३ गोष्टींची एक यादी तयार केली. ग्रंथालय क्षेत्रातले लेखक स्टीफन एब्रम यांनी त्याच वर्षी अशाच प्रकारच्या ४३ गोष्टी सुचवणारा लेख लिहिला होता, त्यावरून ही कल्पना सुचली. ब्लॉग सुरू करा, फ्लिकरवर छायाचित्र चढवा, आरएसएसने बातम्यांचा ओघ एकत्र आणा, डेलिशसवर पानांच्या खुणा साठवा, लायब्ररीथिंगवर आपल्या काही पुस्तकांची सूची करा, विकीवर काही लिहा, पॉडकास्ट ऐका, यूट्यूबवर काही शोधा, अशा त्या गोष्टी होत्या. वर्ग नव्हते, परीक्षा नव्हती. प्रत्येकाने आपल्या सोयीने एकेक गोष्ट करून पाहायची आणि काय केले, काय वाटले, हे स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचे. अडले तर शेजारच्या सहकाऱ्याला विचारायचे. यादी पूर्ण करणाऱ्याला एक छोटा एमपी३ प्लेअर भेट मिळत असे, आणि त्या काळात तो हाताळणे हादेखील शिकण्याचाच भाग होता. ग्रंथालयाने हा सारा आराखडा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला ठेवला, त्यामुळे ऑस्ट्रेलियापासून ब्रिटनपर्यंतच्या ग्रंथालयांनी तो उचलला आणि आपापल्या गरजेप्रमाणे बदलला.

आज ती यादी वाचली तर तिच्यातली बरीच साधने जुनी झालेली दिसतात. डेलिशस बंद पडले, आरएसएस वाचण्याचे ब्लॉगलाइन्स हे संकेतस्थळ गेले, त्यासाठी पुढे ज्याची सर्वांना सवय झाली ते गूगल रीडरही २०१३ साली बंद झाले. यावरून तो उपक्रम वाया गेला असे कोणी म्हणेल, तर मला ते पटणार नाही. ज्याने डेलिशसवर खुणांना स्वतःचे शब्द जोडून पाहिले त्याला ग्रंथालयाच्या सूचीतली ठरावीक विषयशीर्षके आणि वाचकाची बोलीभाषा यांतले अंतर कळले. ते कळणे त्या संकेतस्थळाबरोबर बंद पडत नाही. अनोळखी पान उघडायचे, त्यावर काय काय आहे ते निवांत पाहायचे, एखादे बटण दाबून बघायचे, चुकले तर मागे यायचे आणि जे समजले ते दोन ओळींत मांडायचे, ही सवय लागलेला माणूस पुढच्या प्रत्येक साधनाला सामोरा जाऊ शकतो. शार्लटच्या यादीच्या आरंभी एकाही संकेतस्थळाचे नाव नव्हते. आयुष्यभर शिकत राहणाऱ्या माणसाच्या सवयींवरचा एक पाठ होता. ही रचना फार विचारपूर्वक केलेली होती असे मला वाटते.

ही कल्पना परकी आहे आणि आपल्याकडे रुजणार नाही, अशी शंका मला काही जणांनी बोलून दाखवली आहे. ती नाशिकमध्ये तरी कोणी काढू नये. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच शहरात आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आहे, आणि शिकणाऱ्याने आपल्या वेळेनुसार घरी बसून शिकावे यासाठी स्वयं-अध्ययनाची पुस्तके कशी लिहावीत याचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ग्रंथालयशास्त्राची पदवी याच विद्यापीठातून, नोकरी सांभाळून घेतलेली आहे. रात्री मुले झोपल्यावर सूचीकरणाचे नियम पाठ केलेल्या स्त्रीला स्वगतीने शिकणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याची गरज नसते.

आणि शि. रा. रंगनाथन यांचेही उदाहरण आहे. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांच्याकडे या कामाचे औपचारिक शिक्षण नव्हते, आणि पुन्हा अध्यापनाकडे परतावे असे त्यांना वाटत होते. प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्यावर ते निरनिराळी ग्रंथालये पाहत हिंडले. तिथल्या एका दुकानात मेकॅनोच्या सुट्या भागांपासून वेगवेगळी खेळणी जोडली जाताना त्यांनी पाहिली, आणि त्यातून विषयाचे घटक जोडून वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय दाखवणारा क्रमांक, तयार करण्याची त्यांची पद्धत आकाराला आली. त्यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ हे सूत्र आपण १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, फलकावर लिहितो. ग्रंथसंख्या वाढते, इमारतीला मजला चढतो, तशी आत काम करणाऱ्या माणसांची जाणही वाढली पाहिजे, असा त्याचा अर्थ मी घेते.

आमच्याकडे हा उपक्रम सुरू करताना परदेशी यादी जशीच्या तशी घेण्यात अर्थ नव्हता. आमची यादी आम्ही टेबलावर येणाऱ्या प्रश्नांवरून केली. वाचकाने विचारलेला आणि आपल्याला सांगता न आलेला प्रश्न एका वहीत लिहून ठेवायचा, एवढेच काम पहिल्या टप्प्यात सर्वांनी केले. त्या वहीतून जी यादी निघाली तिच्यात सर्वांत वर होते मराठी टंकलेखन. हे पाहून आमच्या कार्यकारी मंडळातल्या एका सदस्यांना आश्चर्य वाटले होते, कारण त्यांच्या कल्पनेत नवे तंत्रज्ञान म्हणजे काहीतरी चकचकीत होते. परंतु मराठी ग्रंथालयात वेबचा कोणताही उपयोग करायचा तर पहिले दार हेच आहे. अनेक ग्रंथालयांच्या जुन्या संगणकीय याद्या युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच संकेत देणारी युनिकोड ही पद्धत रुजण्यापूर्वीच्या, फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. त्या फाँटमध्ये पडद्यावर अक्षर देवनागरी दिसले तरी आत साठवलेले असते रोमन चिन्हच. म्हणून तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की चिन्हांचा नुसता गोंधळ दिसतो आणि शोध घेता येत नाही.

या एका गोष्टीवर आमच्या सहकाऱ्यांनी सर्वाधिक वेळ घालवला. कोणी मोबाइलवरच्या उच्चारानुसारी कीबोर्डवर स्थिरावले, कोणी बोलून टंकणे पसंत केले, आणि देवघेवीवर बसणाऱ्या एका ताईंनी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकायचे ठरवले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. शिफ्ट दाबून ५ च्या कळीवर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष आणि ८ वर श्र मिळतो हे त्यांचे त्यांनाच सापडले, आणि मग एका पुठ्ठ्यावर कळफलक काढून त्यांनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला. कुठल्याही परिपत्रकाने एवढ्या आवडीने कोणी कळफलक शिकल्याचे मी पाहिलेले नाही.

त्यांच्याच हातून पुढे एक शोध लागला, तो जरा तपशिलाने सांगण्याजोगा आहे. साल्हेर, अंजनेरी, ब्रह्मगिरी हाताशी असल्यामुळे आमच्याकडे किल्ले आणि भटकंतीच्या पुस्तकांना बारमाही मागणी असते. एका वाचकाला हव्या असलेल्या पुस्तकाच्या नावात ‘दऱ्या’ हा शब्द असल्याचे पक्के आठवत होते. शोधचौकटीत तो शब्द टाकला तर संगणक ‘नोंद आढळली नाही’ असे सांगत होता, आणि पुस्तक तर मागच्या कपाटात उभे होते. ताईंनी त्या पुस्तकाची नोंद उघडली, तिच्यातला शब्द उचलून शोधचौकटीत चिकटवला, तेव्हा नोंद लगेच सापडली. स्वतः टंकला की सापडत नाही, उचलून चिकटवला की सापडतो. “मॅडम, दिसायला तर दोन्ही सारखेच आहेत, मग आत काहीतरी वेगळं असणार,” असे त्या म्हणाल्या. त्या दिवशीच्या आपल्या अर्ध्या तासात त्यांनी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले आणि मागे खोडण्याची कळ एकेकदा दाबत गेल्या. वरच्या शब्दात शेवटी ‘द’पुढे साधा र उरला. खालच्या शब्दात उरला तो खाली टिंब असलेला ऱ. 

त्यांना सापडलेले कारण पूर्णपणे बरोबर होते. मराठीतला आडवा, चंद्रकोरीसारखा रफार युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह अशा तऱ्हेने, किंवा टिंबाचा ऱ आणि हलन्त अशा तऱ्हेने. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. ज्या शोधयंत्रणेत हे दोन्ही एकच मानण्याची सोय केलेली नसते तिच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. आमच्या जुन्या नोंदी एका प्रकारे झाल्या होत्या आणि नव्या मोबाइलवरून टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारचा होता. मग ‘गिऱ्हाईक’, ‘वाऱ्यावर’, ‘पुढाऱ्यांचे’ असे शब्द असलेल्या सगळ्याच नोंदी त्यांनी तपासायला घेतल्या. त्यावरून दुसऱ्या सहकाऱ्याला ‘ॲ’चा घोळ सापडला. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या सवयीने टंकलेल्या नोंदींमध्ये तेच अक्षर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेले असते. आता नोंद करताना कोणते रूप वापरायचे याचा नियम आमच्या भिंतीवर लावलेला आहे, आणि शोधताना एका रूपाने नाही सापडले तर दुसऱ्याने पाहायचे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ही गोष्ट कोणत्याही कार्यशाळेच्या विषयपत्रिकेवर मी आजवर पाहिलेली नाही. ती सापडली, कारण एका व्यक्तीला खोडण्याची कळ पुन्हा पुन्हा दाबत बसायला अर्धा तास मोकळा होता आणि ‘हे काय चालले आहे’ असे विचारायला कोणी आले नाही.

यादीतली पुढची मोठी गोष्ट म्हणजे ग्रंथालयाची संगणकप्रणाली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी तयार झालेली कोहा ही प्रणाली २००० सालच्या जानेवारीपासून वापरात आहे. ती मुक्त स्रोताची आहे, म्हणजे परवाना शुल्क न भरता कोणालाही वापरता आणि बदलता येते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणालीही आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. कोणती घ्यावी हा निर्णय मंडळाचा. परंतु तो होण्याआधी कर्मचाऱ्यांनी ती हाताळलेली असावी, असा माझा आग्रह होता. आम्ही एका जुन्या संगणकावर कोहाची सरावाची प्रत बसवली आणि तिच्यात काहीही बिघडले तरी चालेल असे सर्वांना सांगितले. सुरुवातीला कोणी हात लावेना. वर्षानुवर्षे ‘संगणकाला हात लावू नका, काहीतरी उडेल’ हेच ऐकलेल्या माणसांची ती भीती होती. मग आमच्या शिपाई काकांनी त्यात स्वतःला सभासद करून घेतले, एक पुस्तक आपल्या नावावर चढवले, परतीची तारीख मागे नेली आणि दंड किती होतो ते पाहिले. त्यानंतर भीती कमी झाली. खऱ्या नोंदींना धक्का लागणार नाही अशी एक जागा करून देणे हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा महत्त्वाचे आहे.

माहितीचे साठे धुंडाळण्याचा भाग तुलनेने सोपा गेला, म्हणून त्याबद्दल थोडक्यात लिहिते. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आहे, मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके आहेत, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे आणि इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी ग्रंथांच्या प्रतिमा आहेत. प्रत्येकाने एका खऱ्या वाचकाचा एक खरा प्रश्न घेऊन या ठिकाणी जायचे आणि उत्तर कुठे मिळाले ते लिहायचे, एवढेच ठरवले होते. अवतरणचिन्हांत शब्दसमूह घालून शोधणे, एकाच संकेतस्थळापुरता शोध मर्यादित ठेवणे या युक्त्या ओघात आल्या.

ज्या गोष्टीत मी स्वगतीचा आग्रह थोडा बाजूला ठेवला ती म्हणजे सुरक्षितता. हयातीच्या दाखल्यासाठी आलेले आजोबा विश्वासाने आपला मोबाइल आपल्या हातात देतात. त्यावर आलेला ओटीपी आपण वाचायचा नाही, मोठ्याने उच्चारायचा नाही आणि आपल्या हाताने भरायचा नाही. आजोबांच्या शेजारी उभे राहून त्यांनाच तो भरू द्यायचा, मग कितीही वेळ लागो. अर्ज भरायला आलेल्या मुलीने ग्रंथालयाच्या संगणकावर आपले खाते उघडले असेल तर ती उठण्यापूर्वी ते बंद झाले आहे याची खात्री करायची. सभासदांची नावे आणि फोन क्रमांक असलेली यादी व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही. या गोष्टी कोणी सवडीने शिकाव्यात अशा नाहीत. त्या पहिल्या दिवशीच सांगाव्या लागतात. वाचक कोणते पुस्तक नेतो हे गुप्त ठेवणे जसे आपल्या व्यवसायाचे कर्तव्य आहे, तसेच हेही आहे.

अलीकडे यादीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे संवादसाहाय्यक आले. यासाठी आम्ही एकच काम दिले: एखाद्या विषयावरची पाच मराठी पुस्तके त्याला सुचवायला सांगायची, आणि मग त्यांतले प्रत्येक पुस्तक खरोखर अस्तित्वात आहे का हे आपल्या तालिकेत, विक्रेत्यांच्या याद्यांत आणि इतर ग्रंथालयांच्या सूचीत शोधायचे. ओळखीच्या लेखकाच्या नावावर त्याने कधीच न लिहिलेले पुस्तक इतक्या आत्मविश्वासाने सांगितलेले पाहिल्यावर पुढे ज्या प्रकारची सावधगिरी येते ती कोणत्याही इशाऱ्याने येत नाही. त्याच वेळी, एखाद्या इंग्रजी सूचनापत्रकाचा मराठीत सारांश काढायला हे साधन किती उपयोगी पडते हेही सहकाऱ्यांनीच शोधले. दोन्ही अनुभव स्वतःचे असल्यामुळे आता टेबलावर एखादा विद्यार्थी अशी यादी घेऊन आला की सहकारी शांतपणे म्हणतात, “चला, आधी ही पुस्तकं आहेत का ते बघू.”

आता व्यवस्थेविषयी. अर्धा तास कामाच्या वेळेतला असतो आणि तो वेळापत्रकात लिहिलेला असतो. त्या अर्ध्या तासात टेबलावर दुसरी व्यक्ती बसते, गरज पडली तर मी बसते. हे लिहिलेले असणे आवश्यक आहे, कारण न लिहिलेला वेळ गर्दीच्या पहिल्याच संध्याकाळी नाहीसा होतो. मंडळातल्या काहींना सुरुवातीला हे फोनवर वेळ घालवणे वाटत होते. ‘दऱ्या’ची हकिकत बैठकीत सांगितल्यानंतर तो सूर बदलला. शार्लटमध्ये ब्लॉग होते, आमच्याकडे एक सामायिक ऑनलाइन दस्तऐवज आहे. ज्यांना तिथे लिहायला संकोच वाटतो ते वहीत लिहितात आणि तेही चालते. काय करून पाहिले, कुठे अडले आणि कोणत्या वाचकाला याचा उपयोग होईल, एवढे त्यात यावे. मी त्यावर गुण देत नाही आणि शुद्धलेखन तपासत नाही. यादी पूर्ण करणाऱ्याला आमच्याकडे ग्रंथखरेदीच्या यादीत आपल्या पसंतीचे एक पुस्तक घालण्याचा हक्क मिळतो. दाखल नोंदवहीत ते पुस्तक चढवताना सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो पाहून हे बक्षीस योग्य ठरले असे मला वाटते.

स्वगतीने शिकणे म्हणजे माणसाला एकटे सोडणे, असा अर्थ घेतला गेला तर मात्र हा उपक्रम अन्यायाचा होईल. ज्यांच्या घरी संगणक आहे, ज्यांची मुले कॉलेजात शिकतात, ते पुढे जातात. ज्यांच्या मोबाइलमधला डेटा महिन्याच्या मध्यावरच संपतो ते मागे पडतात आणि तो दोष स्वतःचा मानून गप्प बसतात. म्हणून संगणक ग्रंथालयाचा, इंटरनेट ग्रंथालयाचे आणि वेळही ग्रंथालयाचाच, हे आम्ही पहिल्यापासून पाळले. प्रत्येकाला एक सोबती ठरवून दिलेला आहे. सोबत्याने स्वतः माउस हातात घ्यायचा नाही, फक्त शेजारी बसायचे, हा नियम पाळणे सर्वांना फार कठीण जाते. एखादी व्यक्ती एका गोष्टीवर महिनाभर थांबली तर मी तिला पुढे ढकलत नाही. काय आवडत नाही, काय दिसत नाही, हे विचारते. एकदा तर अडचण केवळ पडद्यावरची अक्षरे बारीक असण्याची निघाली होती.

तालुक्यांतल्या ग्रंथालयांचा प्रश्न वेगळा आहे. सुरगाणा, पेठ या बाजूला वेबवरचे शिकायचे म्हटले तर आधी नेटवर्क हवे. तिथल्या एका ग्रंथपालांशी बोलताना किविक्सचा विषय निघाला. हे मोफत साधन आहे. विकिपीडियाची संपूर्ण प्रत एका फाइलमध्ये उतरवून घेतली की ती इंटरनेटशिवाय संगणकावर किंवा मोबाइलवर वाचता येते, तिच्यात शोधही घेता येतो, आणि मराठी विकिपीडियाची अशी फाइलही उपलब्ध असते. मोठी फाइल एकदाच शहरात उतरवायची आणि पेनड्राइव्हवरून गावी न्यायची, असा मार्ग आम्ही काढला आहे. आमची यादी आणि सरावाच्या सूचनाही त्याच पेनड्राइव्हवर मराठीत घालून देतो. ज्या ग्रंथालयांना हे हवे असेल त्यांनी संध्याकाळच्या वेळेत यावे, येताना रिकामा पेनड्राइव्ह आणावा, आणि शक्य असेल तर देवघेव सांभाळणाऱ्या व्यक्तीलाच सोबत पाठवावे.